भाड्याच्या गाडीत बाईसोबत

भिलाईत मी एकतीस वर्षं दवाखान्याची अँब्युलन्स चालवली. एवढ्या वर्षांत कुणाला रस्ता विचारावा लागला असं फार कमी झालं. टाउनशिपचे पत्तेच तसे आहेत. सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर एवढं कानावर पडलं की गाडी आपसूक त्या दारात जाऊन उभी राहायची. दुर्गच्या जुन्या बाजारातल्या गल्ल्या आणि चरोद्याची रेल्वे कॉलनीही मला पाठ होती. मोबाइल आले तसा माझा एक हात फोनला गेला आणि एक स्टिअरिंगला राहिला. पेशंटच्या घरचे घाबरून विचारायचे, कुठपर्यंत आलात, आणि मी चालवता चालवता त्यांना धीर द्यायचो. त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट एका हातानं गाडी चालवता येणं ही मी हुशारी समजत होतो.

माझी मोठी बहीण इंग्लंडमध्ये राहते. आमच्यात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून आम्हा भावंडांची ती बाई. वडील भंडाऱ्याकडून इथल्या स्टील प्लांटमध्ये कामाला आले ते इथलेच झाले. आई गेली तेव्हा बाई नर्सिंग शिकत होती. त्यानंतर आम्हा तिघांचं सगळं तिनंच केलं. शाळेची फी, डबे, माझं टायफॉइड, धाकटीचं लग्न. स्वतःचं लग्न तिनं केलं नाही. कुणी फारच विचारलं तर म्हणायची, "टाइमच नाही भेटला." छत्तीसगड वेगळं राज्य झालं त्या सुमाराला विलायतेत नर्सेस पाहिजेत अशी जाहिरात आली. तोवर आम्ही सगळे मार्गी लागलो होतो. पंचेचाळिशीला आलेली बाई एक सुटकेस घेऊन निघून गेली.

भिलाईत ती सायकलवर ड्यूटीला जायची. तिकडे जाऊन ती मोटार शिकली, जुनी का होईना स्वतःची गाडी घेतली आणि त्या गाडीला टेकून काढलेला फोटो आम्हाला पाठवला. वडिलांनी तो बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून म्हणायचे, "पाह्य, आमच्या घरात दोन ड्रायव्हर आहेत. एक तिकडं, एक इकडं."

मी रिटायर झालो त्याच्या आधीच बाईचे डोळे बिघडले होते. पूर्ण आंधळी नाही झाली. नजरेच्या मधोमध एक डाग आला आणि तो वाढत गेला. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. रिटायर झाल्यावर मी तिच्याकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा विमानतळावर मला घ्यायला ती शेजारणीसोबत आली होती. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो तेव्हा तिनं मान थोडी वळवली, माझ्या खांद्यापलीकडे पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाली, "तुझे कान दिसून राह्यले बाबू, तोंड नाही दिसत. कान आपल्या बाबांसारखेच झाले."  मी तिची पिशवी हातात घेतली.

मला बोलावण्यात तिचा एक हेतू होता, तो तिनं मी भिलाईत असतानाच फोनवर सांगितला होता. तिच्या तिकडच्या पहिल्या वॉर्डातली एक मोठी सिस्टर होती, तिथलीच, गोरी. परक्या मुलखात बाईला तिनंच सांभाळून घेतलं होतं, आणि रविवारी दवाखान्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडीही तिनंच शिकवली होती. ती मैत्रीण आता ऐंशीच्या पुढे गेली होती. तिचे पाय गेले होते आणि समुद्राकाठच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांच्या निवासात ती राहत होती. बाईच्या घरापासून दोन-अडीच तासांचा रस्ता. बाई दर महिन्याला गाडी घेऊन तिच्याकडे जायची. लायसन गेल्यापासून दोन वर्षं जाणं झालं नव्हतं. तिकडे थेट बस नाही, तीन ठिकाणी बदलावी लागते आणि बाईला बसचे नंबर वाचता येत नाहीत.

"तू लायसन घेऊन ये," ती म्हणाली होती. "आपण गाडी भाड्यानं घेऊ. तू चालवशील. तेवढं मले एकदा तिच्याकडं घेऊन चाल."

मी दुर्गच्या आरटीओतून परदेशात चालवायचा परवाना काढून आणला. त्या करड्या रंगाच्या पुस्तिकेवर माझा फोटो चिकटवलेला होता आणि मी ती बायकोला, मुलाला, दुर्गमधल्याच पद्मनाभपुरातल्या व्याह्यांना दाखवून आलो होतो. मुलानं सुपेल्याच्या बाजारातून काचेला चिकटणारा फोनचा स्टँड घेऊन दिला. म्हणाला, "पापा, वहाँ हाथ में फोन पकड़ना मना है. चालान हो जाएगा." मुलगा माझ्याशी हिंदीतच बोलतो. मी म्हटलं, तुझ्या बापाला तीस वर्षांत एक चालान झालेलं नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी बाईनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली. नर्सिंगच्या मुलींना शिकवायची तशी. फोन स्टँडवरच लावायचा. स्टँड काचेच्या खालच्या कोपऱ्यात, समोरचा रस्ता झाकला जाणार नाही असा. पत्ता निघायच्या आधी टाकायचा. एकदा निघालं की फोनला हात नाही. बदल करायचा असेल तर गाडी नीट बाजूला लावायची, इंजिन बंद करायचं, मगच.

"सिग्नलवर थांबलो तर?" मी विचारलं.

"सिग्नलवरची गाडी थांबलेली नसते. ती चालूच धरतात."

"हे तर जास्तीच झालं."

"जास्ती असो का कमी. इथं तसं आहे."

आमच्या बोलण्यात एक गंमत होत होती. माझी मराठी आता निम्मी हिंदी झाली आहे. घरात नातवंडं हिंदी बोलतात, बाहेर तर सगळी हिंदीच. मी "अगला चौक" म्हणालो की बाई म्हणायची, "पुढचा चौक म्हण न." तिच्याशी इतकी वर्षं मराठी बोलणारं कुणी नव्हतं. कदाचित त्यामुळेच तिची भाषा डब्यात ठेवल्यासारखी जशीच्या तशी राहिली होती. आई बोलायची तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं बरंच काही सांगितलं. त्या भागातलं इंग्रजी मला कळत नव्हतं. मी "यस, यस" म्हणत सह्या केल्या. बाई दाराजवळच्या खुर्चीत काठी धरून बसली होती. तिनं नवीन स्वेटर घातला होता आणि मांडीवर केकचा डबा होता. मैत्रिणीला दुपारी दोनला येतो म्हणून कळवलं होतं आणि आम्हाला आधीच उशीर झाला होता.

गाडीत बसल्यावर मी स्टँड काचेला लावला. तो पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा लावायचा कंटाळा आला. मागे दुसरी गाडी बाहेर पडायची वाट पाहत होती, तिच्यामुळे मी आणखीच गडबडलो. मी स्टँड दाराच्या खणात टाकला, फोनवर रस्ता चालू केला आणि फोन मांडीवर ठेवला.

बाईनं पट्टा लावला आणि विचारलं, "लावला का फोन?"

"हो," मी म्हणालो. "लावला."

इतकं सोपं होतं. तिला दिसत नव्हतं. हे लिहितानाही मला ते वाक्य खाली लिहून टाकावं आणि पुढे जावं असं वाटतं, पण तेवढ्यानं होत नाही. ज्या बाईनं मला टायफॉइडमधून आठवडाभर रात्रंदिवस उशाशी बसून बाहेर काढलं, तिला दिसत नाही याचा मी फायदा घेतला होता. त्या क्षणी मात्र मला तसं काहीच वाटलं नाही. वाटलं, एवढंसं तर आहे.

शहराबाहेर पडेपर्यंत ठीक चाललं. डाव्या बाजूनंच चालवायचं होतं, आपल्यासारखंच, त्यामुळे हातांना सवय करावी लागली नाही. मग एका मोठ्या चौकात लाल दिवा लागला. फोनमधला बायकी आवाज काहीतरी भराभर बोलला, ते मला समजलं नाही. मी फोन उचलला, नकाशा बोटांनी मोठा केला आणि पाहू लागलो. शेजारच्या रांगेत एक गाडी उभी होती. मी सहज मान वळवली तर त्या गाडीतला पोलीस माझ्याकडेच पाहत होता. रागानं नाही. आपल्याकडे शाळेतले मास्तर पाहतात तसं.

दिवा हिरवा झाला, मी निघालो, आणि आरशात निळे दिवे दिसले. एकतीस वर्षं तसले दिवे माझ्या डोक्यावर लुकलुकत होते आणि लोक मला रस्ता देत होते. मी गाडी बाजूला घेतली. काच खाली केली.

पोलीस पन्नाशीचा होता. त्यानं वाकून आधी बाईला नमस्कारासारखं काही म्हटलं, मग मला सावकाश, शब्द तोडून सांगितलं, की तुमच्या हातात फोन होता. मी म्हणालो, रेड लाइट. तो म्हणाला, लाल दिवा असला तरी. मग परवाना मागितला. मी ती करडी पुस्तिका दिली.  बाई समोर तोंड करून बसली होती आणि तिच्या मांडीवरचा केकचा डबा तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

दंड जागेवरच भरावा लागला, कारण मी परदेशी होतो. माझं कार्ड त्याच्या मशीनवर चालेना, तेव्हा बाईनं पर्समधून चाचपून आपलं काढून दिलं.  कागद देऊन झाल्यावर पोलिसानं विचारलं, स्टँड नाही का? मी दाराच्या खणातून काढून दाखवला. म्हणालो, चिकटत नाही. त्यानं काचेवरून बोट फिरवून पाहिलं आणि बाईला काही विचारलं. बाईनं पर्समधला रुमाल आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं रुमाल ओला करून काचेचा खालचा कोपरा पुसला, कोरड्या टोकानं पुन्हा पुसला, स्टँड दाबून धरला आणि हलवून पाहिला. पक्का बसला होता. मग मी त्यात फोन ठेवेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. जाताना म्हणाला, सांभाळून जा, रस्ता छान आहे.

 त्यानंतर पाऊण तास फोनमधला बायकी आवाजच तेवढा बोलत होता. एका गोल चौकात मी त्याचं न कळून दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला बाईचं अंग दाराकडे कललं तेव्हा तिला कळलं असावं.

"तिसरा फाटा म्हणते ती," बाई म्हणाली. "घड्याळाच्या दिशेनं मोज. एक गेला, दोन गेला, आता तिसरा. घे."

मी घेतला. त्यानंतर ती दरवेळी सांगत गेली. फोन इंग्रजीत बोलायचा आणि बाई लगेच मागून मराठीत सांगायची. "पुढं गोल चौक येऊन राह्यला. दुसरा फाटा पकड." "आता सरळ. बरंच सरळ आहे." "डाव्या अंगानं राह्य." तिचा आवाज कोरडा होता. पेशंटला औषधाची वेळ सांगावी तसा. पण मला नीट कळत होतं आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

पुढे टेकड्या लागल्या. दोन्ही बाजूंना दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, त्यापलीकडे मेंढ्या. एका तिठ्यावर रस्ता बंद असल्याचा लाल फलक आडवा लावलेला होता आणि बाण दुसरीकडे दाखवत होता. मी बाणाप्रमाणे वळलो. फोनला ते पटलं नाही. तो पुन्हा पुन्हा मागे वळायला सांगू लागला. रस्ता अरुंद होता. हात नकळत फोनकडे गेला आणि मी तो मागे घेतला.

"बाई, हा उलटं सांगून राह्यला. काय करू?"

"त्याले बोलू दे. तुले काय दिसते ते सांग."

"काय सांगू? मेंढ्या आहेत."

"मेंढ्या सगळीकडं असतात. घरं दिसते का?"

"चार-पाच. पुढं चर्च आहे."

"टोकदार का चौकोनी?"

"चौकोनी. बाजूला मोठं काळं झाड."

"मग पूल येईल, दगडी, एकाच गाडीपुरता. समोरून कोणी येत असलं तर थांब. पूल झाला का डावीकडं."

पूल आला. मी थांबलो, समोरची गाडी गेली, मग मी गेलो आणि डावीकडे वळलो. फोन थोडा वेळ गप्प झाला आणि नवा रस्ता धरून पुढचं सांगू लागला.

"मिळाला त्याला रस्ता," मी म्हणालो.

"मिळणारच. या रस्त्यानं मी किती खेपा गेली."

थोडं पुढे गाड्या उभ्या करायला रस्त्याच्या कडेला मोकळी जागा होती. मी तिथे गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. चावी काढल्याचा आवाज झाला तेव्हा तिनं मान वळवली.

"बाई, मी तुझ्याशी खोटं बोललो," मी म्हणालो. "फोन लावला नव्हता."

"मले समजलं ते. पोलीस बोलला तेव्हाच."

"दंडाचं नाही वाटून राह्यलं मले. तुले दिसत नाही म्हणून बोललो, त्याचं वाटते."

 मला वाटलं आता ती रागावेल. लहानपणी ती रागावली की आधी अशीच गप्प बसायची. बाहेर वारा होता आणि गाडी हलकी हलत होती.

"मी पण खोटं बोलली," ती म्हणाली. "तू तर एकदाच बोलला. मी चार महिने बोलली."

मग तिनं सांगितलं. डोळ्यात डाग दिसायला लागला तेव्हा तिला काय ते लगेच कळलं होतं. आयुष्य दवाखान्यात गेलं होतं तिचं. तिकडचा कायदा असा की नजर कमी झाली तर आपण होऊन सरकारला कळवायचं आणि गाडी बंद करायची. तिनं कळवलं नाही. डोळे तपासायची तारीख आली, ती पुढे ढकलली. पुन्हा आली, पुन्हा ढकलली. सकाळी उन्हाच्या आधी निघायचं, ओळखीच्याच रस्त्यानं जायचं, मान थोडी वाकडी ठेवून कडेच्या नजरेनं पाहायचं, असं करून ती चार वेळा मैत्रिणीकडे जाऊन आली.

"मले वाटे, रस्ता तर पाठ आहे. डोळ्याचं काय काम."

"मग?"

"मग एक दिवस घराजवळच, रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांवर. एक पोरगी लेकराची गाडी ढकलत येऊन राह्यली होती. मले चाकं दिसली फक्त. खालची चाकं. एवढ्या जवळ." तिनं हात पुढे करून दाखवलं, डॅशबोर्डपर्यंतही नाही. "ब्रेक लागला. काही झालं नाही. तिनं मले हात करून थँक्यू पण म्हटलं असं मागच्या गाडीतली एक जण सांगे. तिले वाटलं मी थांबली तिच्यासाठी."

घरी येऊन बाई दिवसभर गाडीतच बसून राहिली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली, सगळं खरं सांगितलं, लायसन लिफाफ्यात घालून परत पाठवलं. गाडी शेजारणीच्या भाच्याला देऊन टाकली. मैत्रिणीला फोन केला आणि म्हणाली, आता माझं येणं होणार नाही. त्या चार महिन्यांचं आणि पट्ट्यांवरच्या पोरीचं मात्र सांगितलं नाही. डोळे अधू झाले एवढंच सांगितलं.

"दोन वर्षं झाली," बाई म्हणाली. "तिले वाटत असेल, इतकं केलं हिच्यासाठी, ही एक दिवस पण येत नाही. पण मी तिले कसं सांगू, तुझ्यासाठी मी कुणाचं लेकरू मारलं असतं."

मी तिचा हात धरला. तिचे हात आयुष्यभर साबणानं धुऊन धुऊन खरखरीत झालेले होते, ते तसेच होते. मी म्हणालो, "तू कळवलं ना शेवटी. कोणी पकडलं नव्हतं तुले."

"तुले पकडलं ते बरं झालं म्हण," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. "चाल. केक गरम होऊन राह्यला."

निवासात पोचायला साडेतीन वाजले. समुद्राकडे तोंड असलेली बैठी इमारत होती. मैत्रीण चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसली होती, गळ्यात मोत्यांची माळ घालून. तिनं केस नुकतेच विंचरून घेतलेले दिसत होते. दीड तास ती तशीच बसली असणार. बाई दारातून आत आली तेव्हा मी तिला कोपरानं धरलं होतं. मैत्रिणीनं हात पुढे केले, पण बाईला ते दिसले नाहीत. मी बाईचा हात नेऊन त्या हातात दिला आणि बाजूला झालो.

दोघी रडल्या नाहीत. बाईनं तिच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी पाहतात तशी, आणि काहीतरी म्हणाली. त्यावर म्हातारी मोठ्यानं हसली. मग चहा आला, केक कापला गेला. माझ्याकडे बोट करून म्हातारीनं विचारलं, हाच का तो अँब्युलन्सवाला भाऊ? बाई हो म्हणाली. म्हातारी माझ्याशी फार सावकाश बोलली. म्हणाली, तुझी बहीण माझ्याकडे शिकलेल्यांपैकी सगळ्यात भित्री ड्रायव्हर होती आणि सगळ्यात चांगली. आज तू कसा चालवलास?

मी बाईकडे पाहिलं. मग माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं की पोलिसानं पकडलं. फोन हातात होता. दंड झाला.

म्हातारी गंभीर झाली. तिनं खुर्ची थोडी पुढे घेतली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. ती वॉर्डात कशी असेल ते मला त्या वेळी कळलं. "परत जाताना?" तिनं विचारलं.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर," मी म्हणालो.

बाई मध्येच बोलायला लागली. इंग्रजीत, हळू आवाजात. मला सगळं कळलं नाही, पण चाकं हा शब्द कळला, लेकराची गाडी कळली. ती आपलं सांगत होती. मी उठून बाहेर आलो आणि समुद्राच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. पाणी राखाडी होतं आणि बरंच मागे सरलेलं होतं. ओल्या वाळूवर एक माणूस कुत्रा घेऊन चालला होता. अर्ध्या तासानं आत गेलो तेव्हा म्हातारीनं बाईचे दोन्ही हात आपल्या मांडीवर घेतले होते आणि ती थोपटत होती. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बाईनंही सांगितलं नाही. तिचा चेहरा मात्र आईनं माराच्या जागी हळद लावून दिल्यावर लहानपणी व्हायचा तसा मोकळा झाला होता.

त्या मुलखात उन्हाळ्यात उजेड फार उशिरापर्यंत असतो. परतीच्या वाटेवर बाई रस्ता सांगता सांगता मलाच विचारत होती. गवत कापलं का शेतात? ते निळ्या दाराचं घर आहे का अजून? पूल झाल्यावर उजवीकडं एक घोडा असे, पांढरा, तो आहे का? घोडा नव्हता. मी म्हणालो, दोन आहेत, पण तपकिरी. ती म्हणाली, म्हणजे नवीन घेतले त्यांनी. फोनही आपलं सांगत होता. गोल चौक आले की बाई बोलणं थांबवून त्याचं ऐकायची, मला फाटा सांगायची आणि मग पुन्हा घोड्यांवर यायची.

मी तिथे असेपर्यंत आम्ही आणखी दोनदा गेलो. तिसऱ्या खेपेनंतर गाडी परत केली. काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं गाडीभोवती फिरून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाली. निवासात काम करणाऱ्या एकीनं दरम्यान चौकशी करून ठेवली होती. तिकडे काही लोक आपली गाडी घेऊन म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात, भेटीगाठीला नेतात, फुकट. बाईचं नाव त्यांच्याकडे लिहून झालं. आता महिन्यातून एकदा कुणीतरी येतं आणि तिला समुद्राकाठी घेऊन जातं. म्हातारी हिवाळा काही पाहणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण तिनं तो पाहिला, त्यानंतरचा उन्हाळाही पाहिला.

मी भिलाईला परत आलो तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. दुपारची वेळ होती. ती म्हणाली, "एवढे दिवस राहून आले. काय काय पाह्यलं विलायतेत?"

नातेवाइकांनी सांगितलेलं राणीचं घर, मोठं घड्याळ, काहीच मी पाहिलं नव्हतं. मी तिच्या समोर बसलो, एक जुडी हातात घेतली आणि सांगायला लागलो. एक चौकोनी चर्च आहे, त्याच्या बाजूला काळं झाड. मग एकाच गाडीपुरता दगडी पूल लागतो. पुढे उजवीकडे दोन घोडे आहेत, तपकिरी. मेथी निवडून झाली, तरी मी अजून समुद्राला पोचलो नव्हतो. बायकोनं मध्ये थांबवलं नाही. टोपली बाजूला सारून ती ऐकत बसली.